सहा मीटर

हेमांगीला ही नोकरी लागली ती अहिराणीमुळे. एम.ए.ची गुणपत्रिका तिने फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवली होती, पण मुलाखत घेणाऱ्या राव साहेबांनी ती उघडूनही पाहिली नाही. "गांव की भाषा आती है?" एवढंच त्यांनी विचारलं. ती जरा अडखळली आणि मग "आती है सर" म्हणाली. म्हणताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

ती धुळ्यात, देवपुरात वाढलेली. वडील हायस्कूलात मास्तर. घरात अहिराणीचा शब्द निघाला की ते पेपर खाली ठेवून चष्म्यावरून बघायचे. आई आपल्या बहिणीशी फोनवर बोलायची ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन. हेमांगी अहिराणी शिकली कापडण्याला, मामाच्या घरी, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत; आणि परतीच्या एसटीतच ती विसरून यायची.

आता त्याच भाषेचा पगार मिळू लागला होता. गेल्या दोन-तीन वर्षांत खानदेशात गॅसचं वारं शिरलं होतं. गुजरातकडून मोठी लाइन येणार, धुळ्यावरून जळगावकडे जाणार, तिला फाटे फुटून कारखान्यांना आणि घरांना गॅस मिळणार, असं पेपरात रोज काहीतरी यायचं. हायवेला सीएनजीचे पंप उभे राहिले होते आणि त्यांच्यासमोर रिक्षांच्या रांगा लागत. पारोळा-एरंडोलच्या लॉजमध्ये खोली मिळेनाशी झाली होती. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होते त्यांना पाइप ओढायचं काम मिळालं, ज्यांची पोरं आयटीआय झालेली होती त्यांना वेल्डिंगचं. कोट्यवधी रुपये जमिनीखाली गाडले जात होते आणि वर सगळ्यांचे चेहरे उजळले होते.

कंपनीचे लोक बाहेरचे. राव साहेब विशाखापट्टणमकडचे, सर्व्हे करणारे ओडिशाचे. शेतकरी बोलत ते यांना कळत नसे, आणि यांची हिंदी म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावरून जाई. दोघांच्या मधे हेमांगी उभी राहायची. जमीन तुमचीच राहणार, पाइप खोल जाणार, वरून पुन्हा कपाशी लावता येणार, फक्त त्या पट्ट्यात विहीर, घर आणि मोठं झाड चालणार नाही. हे वाक्य तिने चाळीस गावांत सांगितलं असेल.

धरणगाव तालुक्यातलं पळासखेडे हे त्यांतलंच एक गाव. मंजुळाबाईंची आणि तिची ओळख झाली ती तिथे, पंचनाम्याच्या दिवशी.

मंजुळाबाई पासष्टीच्या, किडकिडीत, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा नवल सुरतेला कापडाच्या मिलमध्ये. साडेतीन एकर वावर त्या एकट्या बघत. सर्व्हेअर लोक लाल झेंड्या रोवत बांधाबांधाने पुढे गेले आणि हेमांगी झाडं मोजायला मागे राहिली. बांधाच्या कोपऱ्यावर एक जुना निंब होता. तिने कागदावर लिहिलं, 'निंब, एक'.

"कोठली शे वं तू?" मागून आवाज आला.

"धुळ्याची, अक्का."

"तुन्ही माय कोठली?"

कोणी साहेब जवळपास नाही हे हेमांगीने आधी पाहिलं, मग म्हणाली, "कापडण्यानी."

"मंग आपलीच पोर शे," असं म्हणून मंजुळाबाईंनी तिचा हात धरला आणि घरी नेलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर तेलाची धार. हेमांगी दोन भाकरी जेवली. जेवताना ती मोकळेपणी अहिराणीत बोलली, मामाकडे बोलायची तशी. निघताना मंजुळाबाई म्हणाल्या, "माले तुन्हा साहेबले एक बात सांगनी शे. पन माले हिंदी येत नही. तू सांगशी?"

"बुधवारी गावात मीटिंग आहे. तेव्हा सांगा अक्का. मी असेन ना तिथे."

"जसं मी बोलसू तसंच सांगजो."

"तसंच सांगेन," हेमांगी म्हणाली.

बुधवारची मीटिंग ग्रामपंचायतीसमोर मांडव घालून झाली. दीड-दोनशे माणसं आली होती. वीज नव्हती म्हणून जनरेटर लावला होता आणि त्याच्या घरघरीत माइकशिवाय काही ऐकू येत नव्हतं. टेबलामागे राव साहेब, त्यांच्या शेजारी पुण्याच्या ऑफिसातून आलेल्या एक मॅडम, दोन इंजिनिअर आणि कडेला हेमांगी. मॅडमच्या समोर नाश्त्याचं खोकं उघडं पडलेलं होतं आणि त्या वहीने वारा घेत होत्या. चार वाजता सगळ्यांना जळगावला पोचायचं होतं. साडेतीन वाजून गेले तरी प्रश्न संपत नव्हते, आणि प्रश्न सगळे एकाच गोष्टीचे. कपाशीचा दर काय लावला, लिंबोणीच्या झाडाला किती, शेजारच्या गावाला जास्त कसे दिले. राव साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं होतं.

तेवढ्यात मंजुळाबाई उठल्या. कोणीतरी माइक पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला. त्या थेट टेबलापाशी आल्या, पदर तोंडाशी धरला, वाकल्या आणि हलक्या आवाजात बोलल्या. राव साहेबांना आणि हेमांगीला ऐकू जाईल, इतकंच.

"सायेब, त्या निंबखाले मन्ही पोर शे. दीड वरीसनी व्हती. तुम्हनी लाइन जराखी बाजूले सरकाडा. माले दुसरं काही नको."

हेमांगीला प्रत्येक शब्द कळला. तान्ही, दूधपिती मुलं जाळत नाहीत, पुरतात, हे तिला ठाऊक होतं. तिच्या मामाच्या मळ्यातही विहिरीमागे अशी एक जागा होती, तिथे पोरांना खेळू देत नसत.

"क्या बोल रही हैं ये?" राव साहेबांनी विचारलं.

मॅडमनी वहीचा वारा थांबवला आणि त्याही बघू लागल्या. मंजुळाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, नाक वाहत होतं, ओठांच्या कोपऱ्यात मिश्रीचा काळा ओघळ होता. आता हे सगळं हिंदीत सांगायचं. या लोकांपुढे, त्या उघड्या खोक्यापुढे. त्यांच्या वावरात त्यांची मुलगी पुरलेली आहे. मग मॅडम विचारतील, शेतात? कशी काय? तुमच्याकडे असं करतात? तुमच्याकडे. हेमांगीला एकदम वाटलं की आपण मंजुळाबाईंबद्दल नाही, आपल्याच घराबद्दल काहीतरी उघड्यावर मांडणार आहोत. पुढच्या क्षणी ती जे बोलली ते अगदी सहज बोलली. दुपारपासून तेच तर बोलत होती.

"ज्यादा पैसा मांग रही हैं, सर."

राव साहेबांनी सुस्कारा टाकला. हसलेही जरा. मग त्यांनी माइक ओढला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "दादी को ज्यादा पैसा चाहिए. दादी, रेट सबका एक है. आपके लिए अलग नहीं हो सकता."

मांडव हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "मंजुळाअक्काले दुप्पट द्या रे!" आणि पुन्हा हशा झाला. मंजुळाबाई टेबलाला धरून उभ्याच होत्या. त्यांनी राव साहेबांकडे पाहिलं, मग मान वळवून हेमांगीकडे. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या लहान पोराला काही समजेनासं झालं की ते जसं बघतं, तसं त्या बघत होत्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि बायकांच्या रांगेतून वाट काढत निघून गेल्या.

पावणेचारला मीटिंग संपली. गाडीत राव साहेब म्हणाले की आज हेमांगीने चांगलं सांभाळलं, म्हाताऱ्या माणसांचं एकदा सुरू झालं की संपत नाही. जळगावच्या ऑफिसात एक जागा निघणार आहे, आपण तिचं नाव सुचवू, असंही म्हणाले. हेमांगीने "थँक यू सर" म्हटलं आणि काच खाली केली. एरंडोलपर्यंत ती तोंडावर वारा घेत राहिली.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी राव साहेब साइटवर होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते चांगल्या मूडमध्ये होते आणि तिला तो घालवावासा वाटला नाही. चौथ्या दिवशी तिला वाटलं की आता सांगितलं तर ते पहिलं विचारतील, तेव्हा का नाही बोललीस? या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. पळासखेड्याची कामं तिने दुसऱ्या एका मुलीकडे दिली. धरणगावला जायचं झालं तरी ती त्या फाट्यावरून न जाता लांबून जाई आणि ड्रायव्हरला सांगे, इकडून रस्ता बरा आहे.

पंधरा दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी नवल बोलतो, सुरतेहून. पळासखेड्याच्या मंजुळाबाईंचा मुलगा."

हेमांगी खुर्चीतून उठून बाहेर व्हरांड्यात आली.

"आमच्या आईने मीटिंगमध्ये जे केलं ना, त्याबद्दल माफी मागायला फोन केला," नवल म्हणाला. "मी आधीच सह्या करून दिलेल्या. ठरला तो दर मला मान्य आहे. तिला काय अवदसा आठवली देव जाणे. गावातल्या पोरांनी व्हिडिओ टाकला ग्रुपवर, सगळे हसताहेत. मिलमध्ये आमच्याकडची पंधरा पोरं आहेत, मला विचारतात, 'काय रे, दुप्पट मिळाले का?' मी आईला फोनवर खूप बोललो. म्हटलं, नवरा गेला तेव्हा कोणापुढे हात पसरला नाहीस, आता कंपनीपुढे पसरलास?"

"त्या काय म्हणाल्या?" हेमांगीने विचारलं.

"काही नाही. ऐकून घेतलं. मग म्हणाली, तू जेवलास का?"

हेमांगीच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. तुमच्या आईने पैसे मागितलेच नाहीत. पाच शब्दांचं वाक्य. व्हरांड्यासमोर कंपनीचा टँकर मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत होती. ती वाजायची थांबली की सांगू, असं म्हणत ती उभी राहिली. पिपाणी थांबली.

"जाऊ द्या नवलभाऊ," ती म्हणाली, "म्हातारी माणसं आहेत. मनावर घेऊ नका."

"तुमचे उपकार आहेत मॅडम," नवल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मांडवातलं खोटं एका क्षणात निसटलं होतं असं तिला स्वतःला सांगता येत होतं. हे मात्र ती पूर्ण शुद्धीवर, सावकाश, शब्द निवडून बोलली होती. त्या दिवशी ती डबा न उघडताच घरी घेऊन गेली आणि आईने विचारलं तेव्हा भूक नव्हती म्हणाली.

जानेवारीत काम पळासखेड्याच्या शिवारात पोचलं. मंगळवारी सकाळी लोटनआबांचा फोन आला. लोटनआबा गावचे जुने पोलीस पाटील. गावात काही अडचण आली की कंपनीची माणसं त्यांनाच गाठत, आणि त्यांना अडचण आली की ते हेमांगीला.

"ताई, एकदा येई जा," ते म्हणाले. "मंजुळा बांधवर खंदी ऱ्हायनी. दोन दिन व्हयनात. पोकलेनवाले म्हनतस, आमले काम करू देत नही. लोके म्हनतस, बुढीनं धन पुरेल शे, ते काढी ऱ्हायनी. तुन्हं ऐकई ती."

हेमांगीने गाडी मागवली. या वेळी तिने लांबचा रस्ता घ्यायला सांगितला नाही.

वावरात पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. कपाशीची शेवटची वेचणी झालेली, पऱ्हाट्या उभ्या. पट्टा मात्र साफ केलेला होता आणि त्यात दोन्ही बाजूंनी पाइप जोडत आणलेले, काळे, माणसाच्या कमरेएवढे जाड. निंब आठवड्यापूर्वीच तोडून नेला होता. उरलेल्या बुंध्याशी मंजुळाबाई गुडघ्यांवर बसून कुदळीने खणत होत्या. थोडं खणायच्या, कुदळ ठेवायच्या, मातीत हात घालून ढेकूळ न् ढेकूळ फोडून बघायच्या. कंबरेइतका खड्डा झाला होता. चार-पाच माणसं बांधावर उभी राहून तमाशा बघत होती आणि पोकलेनचा ड्रायव्हर सावलीत विडी ओढत होता.

"अक्का," हेमांगी म्हणाली.

मंजुळाबाईंनी वर पाहिलं. ओळखलं. हात थांबवले नाहीत.

"काहीच नही ऱ्हायनं वं," त्या म्हणाल्या. "अडतीस वरीस व्हयनात. काजळनी डबी ठेयेल व्हती संगे, ती बी सापडत नही. दुसरीकडे ठेवसू म्हनत व्हतू तिले. काय ठेवू आते?"

त्यांच्या नखांमधून रक्त आलं होतं आणि त्याच्यावर काळी माती बसली होती. हेमांगी खड्ड्याच्या काठावर खाली बसली आणि तिथूनच तिने राव साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. मीटिंगमध्ये बाई काय बोलल्या होत्या ते, आणि आपण काय सांगितलं ते.

मग ते म्हणाले, "मैं आता हूँ."

पाऊण तासाने ते आले. बांधावरच्या माणसांना त्यांनी आधी घालवून दिलं, इंजिन बंद करायला लावलं. हेल्मेट काढून खड्ड्यापाशी उकिडवे बसले. पाइपांकडे पाहिलं, दोन्ही बाजूंची जोडणी पाहिली, नकाशा उघडला, मिटला. मग हेमांगीकडे न बघताच ते हिंदीत बोलले, आणि प्रत्येक वाक्यानंतर तिच्यासाठी थांबले.

"त्यांना सांग, त्या दिवशी नकाशा पेन्सिलीचा होता."

हेमांगीने अहिराणीत सांगितलं.

"सांग, लाइन सहा मीटर सरकवली असती तर झाड वाचलं असतं आणि जागाही. पलीकडच्या गावात विहिरीसाठी आम्ही तेवढं केलंय. एका फोनचं काम होतं."

तिने सांगितलं. सहा मीटर म्हणजे किती हे समजावं म्हणून तिने हाताने दाखवलं, इथपासून त्या पऱ्हाटीपर्यंत.

"सांग, आता दोन्ही बाजूंनी पाइप जोडून झालेत, वळण घेता येत नाही. माझ्या हातात असतं तर केलं असतं. मला कोणी सांगितलं नाही."

हेमांगी मंजुळाबाईंकडे वळली. मग ती बोलली, "अक्का, साहेब म्हनतस, त्यासले कोनी सांगं नही." आणि त्याला जोडून, साहेबांनी न सांगताच, "मीच सांगं नही. तुम्ही पोरनं बोलनात, मी पैसानं सांगं."

मंजुळाबाई मातीचे हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या.

"माले माहित शे," त्या म्हणाल्या. "माले हिंदी येत नही, पन 'पैसा' इतलं समजस."

"मंग तुम्ही तव्हयच काब्र बोलनात नही? नवलभाऊंनाही..."

"काय बोलू? भोंग्यावर?" मंजुळाबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी हयू, कानमा बोलनू ते तू भोंग्यावर दिधं. आखो भोंग्यावर पोरनं बोलतू का मी?"

हेमांगीने मान खाली घातली. ती रडली नाही. इथे रडायचा आपल्याला काही हक्क नाही, एवढं तिला कळत होतं. मग तिने विचारलं, "मी काय करू अक्का?"

मंजुळाबाईंनी विचार केला. माणूस जसा बाजारात काय आणायचं ते ठरवतो तसा, शांतपणे.

"गावले सांग, मी पैसा मांगेल नही. इतलंच सांग. पोरनं नाव काढू नको."

मग त्यांनी खड्ड्यातली ओंजळभर माती पदराच्या टोकात बांधली, राव साहेबांनी पुढे केलेला हात न घेता स्वतःच्या स्वतः वर आल्या आणि ड्रायव्हरकडे बघून म्हणाल्या, "चालू कर भाऊ. तुन्हं काम खोयंबी ऱ्हायनं."

त्याच दुपारी हेमांगी मारुतीच्या पारावर गेली. तिथे लोटनआबा होते, सकाळी बांधावर उभी असलेली माणसं होती, दूध डेअरीची बारकी गर्दी होती. गाडीतून येताना तिने मनात वाक्यं जुळवली होती, गैरसमज झाला, जनरेटरचा आवाज होता, असली. पाराशी आल्यावर तिला त्यांची किळस आली. ती सरळ अहिराणीत बोलली.

"आबा, मीटिंगमा मंजुळाअक्कानी पैसा मांगेल नही. एक रुपया नही. साहेबले खोटं मी सांगं."

एकजण हसायला लागला आणि मधेच थांबला.

"मंग काय मांगेल व्हतं तिनी?" लोटनआबांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"का बरं? धनबिन शे का तठे?"

"नाही आबा. धन नाही. आणि त्यांनी काय मागितलं ते त्यांचं आहे. खोटं माझं होतं, ते मी सांगितलं."

"पन तू खोटं काब्र बोलनी, ताई? तुले काय भेटनं?" डेअरीच्या पायरीवरून एका बाईने विचारलं.

हेमांगी म्हणाली, "लाज वाटली." कशाची, असं त्या बाईने विचारलं नाही, पण डोक्यापासून पायापर्यंत तिला एकदा बघून घेतलं, तिचा कुर्ता, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र, पायातले बूट. लोटनआबा म्हणाले, "जाऊ दे, खरं बोलनी ना, मोठी गोट शे." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कोणीतरी चहा सांगितला. हेमांगीला वाटलं होतं की लोक चिडतील, शिव्या देतील. तिला शाबासकी मिळत होती. तो चहा तिच्या हातात निवत गेला आणि तिला तो घोटभरही पिता आला नाही.

जमलेल्यांपैकी कोणीतरी ते लगेच सुरतेला कळवलं असावं. ती धुळ्याच्या वाटेवर असतानाच नवलचा फोन आला. या वेळी त्याने मॅडम म्हटलं नाही.

"खरं आहे का?"

"हो."

"मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी आईला काय काय बोललो ते तुम्हाला सांगत होतो. तुम्ही ऐकून घेतलं."

"हो, नवलभाऊ."

त्याच्या मागे मिलचे माग खडखडत होते. "मग ती काय बोलली होती?" त्याने विचारलं.

"ते तुम्ही त्यांनाच विचारा. फोनवर नका विचारू. घरी जा आणि विचारा."

त्याने फोन कापला.

राव साहेबांनी तिला काढून टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी बोलावून एवढंच म्हणाले की समोरचा माणूस काय बोलतो हे मला तुझ्याच तोंडून कळतं, आणि आता प्रत्येक वेळी मला शंका येईल. गावांच्या कामातून काढून त्यांनी तिला धुळ्याच्या ऑफिसात कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. जळगावच्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही. तिला ते योग्यच वाटलं. फेब्रुवारीत रोजच्या कामाच्या तक्त्यात पळासखेड्याच्या त्या गटापुढे 'पूर्ण' असा शेरा आला. तिने तो वाचला आणि खालच्या ओळी तपासायला घेतल्या, पण त्या तिला तीनदा वाचाव्या लागल्या.

मे महिन्यात नवल ऑफिसात आला. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. कागदावरचं नाव वाचून ओळखलं. उंच, खांद्यांत वाकलेला, आईसारखाच किडकिडीत. पिकाच्या भरपाईच्या अर्जावर मंजुळाबाईंची सही हवी होती, ती त्याने गावाहून करून आणली होती. शाईपेनाने काढलेली, एकेक अक्षर सुटं.

"पाणी घ्याल?" हेमांगीने विचारलं.

"नको."

तिने शिक्का मारला, पोच दिली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली, उठला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जरा थांबला.

"मी आता गावीच असतो," तो म्हणाला. "सुरतेचं सोडलं."

"अक्का कशा आहेत?"

"डोळ्याचं ऑपरेशन केलं मागच्या महिन्यात. बरं दिसतं आता." एवढं बोलून तो गेला. आईला त्याने विचारलं की नाही, तिने काय सांगितलं, यातलं काही तो बोलला नाही, आणि ते विचारायची हेमांगीची जीभ रेटली नाही.

रांगेतला पुढचा माणूस येऊन खुर्चीवर बसला होता. डोईवर पांढरी टोपी, हातात सातबारा. "मॅडम, मन्हं काय व्हयनं?" त्याने विचारलं. हेमांगीने कागद ओढून घेतला आणि त्यावरचं नाव वाचण्यात थोडा वेळ घालवला. मग तिने मान वर केली आणि शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल अशी, त्याच्याशी अहिराणीत बोलू लागली.